गाडी कुणाची? : अंतराळात गेलेल्या लाल मोटारीच्या निमित्ताने

अमळनेरचा मास्तर (८ फेब्रुवारी २०१८, रात्री ९.१०)

३१ जानेवारीच्या खग्रास चंद्रग्रहणाला आमच्या शाळेच्या मैदानावर चाळीसेक मुले जमली होती आणि ग्रहणात काही खायचे नाही अशी घरून ताकीद मिळालेल्यांनीही शेंगदाण्यांचा पुडा संपवला, या समाधानात मी आठवडाभर होतो. पुढच्याच बुधवारी, म्हणजे काल पहाटे सव्वादोन वाजता, फाल्कन हेवी या रॉकेटचे उड्डाण झाले. तिकडे फ्लोरिडात तेव्हा मंगळवारची दुपार होती. १९६९ मध्ये अपोलो ११ ज्या तळावरून निघाले, त्याच केनेडी अवकाश केंद्राच्या ३९ए तळावरून हे रॉकेट उडाले. पण ते सरकारचे नव्हते, स्पेसएक्स या खासगी कंपनीचे होते. नव्या रॉकेटच्या पहिल्या खेपेत कुणी महागडा उपग्रह ठेवत नाही, वजनासाठी काँक्रीटचे किंवा लोखंडाचे ठोकळे ठेवतात. इथे कंपनीचे मालक इलॉन मस्क यांनी स्वतःची लाल टेस्ला मोटार ठेवली, चालकाच्या जागी अंतराळवेश घातलेला पुतळा बसवला आणि समोरच्या पडद्यावर 'घाबरू नका' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द झळकवले.

सकाळी आठवीच्या वर्गात मी ही चित्रफीत दाखवली. त्याला बाजूने जोडलेली दोन रॉकेटे एकाच वेळी सरळ उभी जमिनीवर उतरताना पाहून वर्गाने टाळ्या वाजवल्या. त्यानंतर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, ती गाडी कुणाची?" मी म्हणालो, कंपनीच्या मालकाची. ती म्हणाली, "मग आपण टाळ्या का वाजवल्या?"

मला पटकन उत्तर सुचले नाही. मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत पोचले तेव्हा आपण सगळ्यांनी 'आपले यान' म्हटले होते, कारण सुमारे ४५० कोटींच्या त्या खर्चात आपलाही पैसा होता. काल गावाच्या व्हॉट्सॲप गटावर मात्र तीनच सूर दिसले: 'माणूस असावा तर असा', 'श्रीमंतांचे चोचले', आणि 'आपले लोक हे कधी करणार'. आपली पहिली प्रतिक्रिया काय होती, आणि ती तशी का होती, हे सभासदांनी सविस्तर लिहावे.

---

मेहरूण (८ फेब्रुवारी, रात्री ९.४२)

सर, टाळी गाडीला नव्हती, उतरण्याला होती. ज्या बाजूच्या दोन रॉकेटांना तुमच्या मुलांनी टाळ्या दिल्या, ती दोन्ही २०१६ मध्ये एकेकदा उडून परत आलेली होती; म्हणजे जुनीच यंत्रे धुऊन-पुसून, तपासून पुन्हा वापरली. आजवर रॉकेट म्हणजे एकदा पेटवायची आणि समुद्रात टाकायची वस्तू होती. जळगावहून मुंबईला गेलेली बस प्रत्येक फेरीनंतर भंगारात काढली असती, तर तिकीट किती झाले असते, याचा विचार करावा. ६३.८ टन वजन पृथ्वीच्या खालच्या कक्षेत नेण्याची या रॉकेटची क्षमता आहे आणि कंपनीने उड्डाणाचा भाव ९ कोटी डॉलरपासून लावला आहे. मी वसतिगृहात बाराजणांबरोबर हे पाहिले. पहाटे अडीच वाजता आम्ही केलेल्या गोंधळाबद्दल रेक्टर सरांनी सकाळी बोलावून घेतले, ती आमच्यापुरती सार्वजनिक प्रतिक्रिया समजावी.

---

भुसावळ यार्ड (८ फेब्रुवारी, रात्री १०.०५)

गाडीचे पासिंग कुठले आहे, हे कुणी पाहिले आहे काय? एमएच-१९ असेल तर आपली, एमएच-१८ असेल तर धुळेकरांची आणि एमएच-३९ असेल तर नंदुरबारची. विनानंबर असेल, तर मंगळाच्या अलीकडच्या नाक्यावर अडवली जाईल आणि पुतळ्याकडे लायसन्स नाही, हे तिथे उघड होईल.

---

पांझराकाठ (८ फेब्रुवारी, रात्री १०.३०)

यार्डभाऊ, विषय गंभीर आहे. पीयूसीचे काय, तेही विचारून घ्यावे.

---

केळीबाग, रावेर (९ फेब्रुवारी, सकाळी ६.५०)

मास्तर, मी हे उड्डाण थेट पाहिले आणि त्याचे श्रेय विज्ञानप्रेमाला नाही, रात्रीच्या विजेला आहे. या आठवड्यात आमच्या फीडरला रात्री बाराची पाळी होती. गव्हाला पाणी द्यायचे होते, म्हणून मी टॉर्च, घोंगडी आणि मोबाइल घेऊन बांधावर बसलो होतो. भाच्याने सांगितले होते की आपल्या घड्याळाने बारा वाजता रॉकेट सुटेल. वीज बारा वाजता आली नाही आणि रॉकेटही सुटले नाही. वरच्या हवेत वारा जास्त असल्याने वेळ पुढे जात होती. पाऊण वाजता मोटार सुरू झाली. मग एक वाफा भरला की पडद्यावर नजर, पुन्हा फावडे, पुन्हा पडद्यावर नजर, असे करता करता सव्वादोन झाले. रॉकेट वर गेले त्या क्षणी माझा वाफा फुटून पाणी शेजाऱ्याच्या हरभऱ्यात शिरत होते; त्यामुळे दोन रॉकेटे उतरताना मी पाहिली, ती पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून, चिखलात उभा राहून.

सकाळी आईला चित्रफीत दाखवली. तिने पूर्ण पाहिली आणि एवढेच विचारले, "गाडी वर कसाले धाडी?" हे चाचणीसाठीचे वजन होते, असे मी समजावले. ती म्हणाली, मग केळीचे घड ठेवायचे. मला तिचे म्हणणे अगदीच चुकीचे वाटले नाही.

---

सातपुडा ३९ (९ फेब्रुवारी, दुपारी १.१५)

मी धडगावच्या बाजूला डोंगरातल्या एका आरोग्य उपकेंद्रात परिचारिका आहे. माझी पहिली प्रतिक्रिया राग ही होती आणि ती लपवावी असे मला वाटत नाही. आमच्याकडे सागाच्या एका झाडाखाली मोबाइलला रेंज येते. पाड्यावरचे लोक त्याला रेंजचे झाडच म्हणतात. ही चित्रफीत मी त्याच झाडाखाली पाहिली, आणि तीही रुग्णवाहिका कुठवर आली हे विचारायला गेले होते म्हणून. रस्ता जिथे संपतो, तिथपर्यंत बाईला बांबूच्या झोळीतून आणावे लागते. चौघे जण झोळी उचलतात आणि पाचवा पुढे चालून दगड बाजूला करतो. हे सगळे करून परत आल्यावर मी पाहते, तर एक माणूस स्वतःची मोटार आकाशात सोडून देतो आणि जग टाळ्या वाजवते. मेहरूणदादांचे पुनर्वापराचे गणित मला समजते. पण गाडीच का, या प्रश्नाला 'गंमत म्हणून' याखेरीज दुसरे उत्तर मला तरी दिसत नाही.

---

मेहरूण (९ फेब्रुवारी, दुपारी २.२०)

ताई, आपल्या कामापुढे मी काही बोलावे अशी माझी पात्रता नाही; पण तो पैसा तुमच्या रस्त्याचा नव्हता. तो कंपनीचा होता आणि कंपनी अमेरिकेची आहे. शिवाय गाडी लघुग्रहांच्या पट्ट्यापर्यंत जाणार आहे, असे खुद्द मस्क यांनी जाहीर केले आहे. तिथवर एखादे खासगी रॉकेट पोचते, ही गंमत नव्हे.

---

सातपुडा ३९ (९ फेब्रुवारी, दुपारी २.४५)

पैसा माझा नव्हता, हे मान्य. मग मास्तरांच्या विद्यार्थिनीचा प्रश्न तसाच उरतो: टाळी माझी का असावी?

---

तापी ते ह्यूस्टन (१० फेब्रुवारी, पहाटे ४.००)

मी मूळचा चोपड्याचा. कामानिमित्त त्या आठवड्यात फ्लोरिडात होतो आणि किनाऱ्यावर जमलेल्या हजारो लोकांत उभा होतो. लोक घडीच्या खुर्च्या, शीतपेट्या आणि लहान मुले घेऊन सकाळपासून बसले होते. मला तर सारंगखेड्याच्या यात्रेची आठवण झाली, फक्त घोडे नव्हते. रॉकेट उठताना आधी फक्त उजेड दिसला. आवाज नंतर आला आणि तो कानापेक्षा छातीत जास्त जाणवला. सुमारे आठ मिनिटांनी बाजूची दोन रॉकेटे परत खाली आली, तेव्हा तोफांसारखे लागोपाठ धमाके झाले आणि शेजारचे एक वृद्ध गृहस्थ, ज्यांची माझी ओळखही नव्हती, त्यांनी माझा हात घट्ट धरला.

दोन गोष्टी मात्र सांगितल्या पाहिजेत. पहिली म्हणजे मधले रॉकेट परत आले नाही. समुद्रातल्या तरंगत्या तळावर ते उतरायचे होते. पण इंजिने पुन्हा पेटवण्याचे द्रव संपल्याने उतरताना पेटवायच्या तीनपैकी एकच इंजिन पेटले आणि ते तळापासून सुमारे शंभर मीटरवर, ताशी जवळपास ५०० किलोमीटर वेगाने पाण्यावर आदळले. दुसरी गोष्ट अशी, की 'खासगी' हा शब्द जपून वापरावा. तळ नासाचा आहे, कंपनीने तो २०१४ मध्ये वीस वर्षांच्या भाडेकराराने घेतला. कंपनीचे पहिले रॉकेट लागोपाठ तीन वेळा अपयशी ठरले, चौथे सप्टेंबर २००८ मध्ये यशस्वी झाले आणि त्याच डिसेंबरमध्ये नासाने अंतराळ स्थानकावर सामान पोचवण्याचे १६० कोटी डॉलरचे काम तिला दिले. हे काम मिळाले नसते, तर त्या दिवशी टाळी वाजवायला काही उरले नसते, असे माझे मत आहे. फाल्कन हेवीचा विकासखर्च मात्र कंपनीने स्वतः केल्याचे ती सांगते.

---

भुसावळ यार्ड (१० फेब्रुवारी, सकाळी ८.१०)

आता थोडे गंभीर लिहितो. मी इंजिनांच्या शेडमध्ये तीस वर्षे काम केले. दोन इंजिने एकत्र जोडून जड मालगाडी ओढताना खरी परीक्षा ताकदीची नसते, ती जोडाची असते. पुढचे इंजिन एक क्षण आधी ओढू लागले, मागचे एक क्षण उशिरा, की झटका कपलिंगवर बसतो आणि गार्डाच्या डब्यातला चहा सांडतो. इथे तर तीन रॉकेटे बाजूबाजूला बांधलेली होती, प्रत्येकाला नऊ, म्हणजे एकूण २७ इंजिने. बाजूच्या दोघांचा जोर मधल्याच्या अंगावर येतो, म्हणून मधले रॉकेट नव्याने मजबूत करावे लागले. तीन तयार रॉकेटे बांधली की झाले, असे आपल्याला आधी वाटले होते आणि प्रत्यक्षात ते फार अवघड निघाले, हे मस्क यांनीही कबूल केले आहे. चंद्रावर जाण्यासाठी सोव्हिएत संघाने ३० इंजिनांचे एन१ रॉकेट बांधले होते. १९६९ ते १९७२ या काळात ते चार वेळा उडवले आणि चारही वेळा फसले. त्यामुळे २७ इंजिने एकसाथ पेटून शेवटपर्यंत नीट चालली, या गोष्टीला माझी टाळी आहे. ती जोडाऱ्याची जोडाऱ्याला दिलेली टाळी आहे आणि तिथे मालक कोण, हे मी विचारत नाही. आमच्या शेडमधल्या इंजिनाचा मालक तरी मी कुठे होतो?

---

केळीबाग, रावेर (१० फेब्रुवारी, रात्री ८.३०)

यार्डभाऊंचे म्हणणे मनाला पटले. तरीही सातपुडाताईंच्या बाजूने एक गोष्ट मांडतो. या जानेवारीत आमच्या बागेला थंडीचा चरका बसला. केळीची वाढ थांबली, पाने पिवळी पडली, घड अडकले. आमचा विमा हवामानावर चालतो: केंद्राच्या यंत्राने ठरलेल्या अंशाखाली सलग ठरलेले दिवस तापमान नोंदवले, तर भरपाई मिळते. यंत्र आमच्या शिवारापासून बरेच लांब, एका इमारतीच्या आडोशाला बसवले आहे. यंत्राला थंडी वाजली नाही, म्हणून आमच्या केळीलाही वाजली नाही, असा निष्कर्ष काढण्यात आला. कोट्यवधी किलोमीटर दूर जाणाऱ्या मोटारीची जागा शास्त्रज्ञ नेमकी सांगतात आणि माझ्या बागेतले पहाटे पाचचे तापमान कुणाला सांगता येत नाही, या तफावतीने मला त्या रात्री, चिखलात उभे असतानाही, हसू आले होते. राग मात्र आला नाही. रॉकेट जिथे पोचायचे तिथे पोचते, कारण तिथे पोचावे अशी कुणाची तरी मनापासून इच्छा असते.

---

पांझराकाठ (११ फेब्रुवारी, सकाळी ९.००)

आकाशातल्या गोष्टींवर लोकांची प्रतिक्रिया काय असते, हे आमच्या पिढीने १९७९ मध्ये पाहिले आहे. स्कायलॅब पडणार, अशी बातमी होती. ते अमेरिकेचे अंतराळ स्थानक होते आणि १९७३ मध्ये ज्या सॅटर्न ५ रॉकेटने ते वर नेले, त्या रॉकेटचे ते शेवटचे उड्डाण. ते नेमके कुठे पडेल, हे कुणालाच सांगता येत नव्हते. धुळ्यात आमच्या गल्लीत एकाने शेवटचे दिवस म्हणून उधारीची जिलेबी वाटली, एकाने सासुरवाडीशी अबोला सोडला आणि माझ्या वडिलांनी मला पत्र्याच्या खोलीत झोपू दिले नाही, जणू स्लॅब असता तर वाचलो असतो. ११ जुलैच्या रात्री ते हिंदी महासागर ओलांडून ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात विखरून पडले. तिथल्या एस्परन्स या गावाने उघड्यावर कचरा टाकल्याबद्दल नासाला ४०० डॉलरचा दंड लावला होता. आमच्या गल्लीतल्या जिलेबीची उधारी पुढे दोन वर्षे चालली.

तेव्हा लोक विचारत होते, 'ते पडेल कुठे?' आज विचारतात, 'गाडी जाईल कुठे?' 'कुणाची' हा प्रश्न त्या काळी कुणाच्या डोक्यात आला नव्हता, आणि म्हणून त्या मुलीचे मला कौतुक वाटते.

---

पाटणवाट (११ फेब्रुवारी, रात्री ११.२०)

चर्चा वाचली. चाळीसगावचा असल्याने पाटणादेवीचा विषय काढतो. मात्र 'आपल्याकडे सगळे आधीच होते' या चालीवर नव्हे. ती चाल मला आवडत नाही.

पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आता मठ म्हणजे खर्च आला: शिकवणारे, शिकणारे, दिवाबत्ती. हा खर्च कुणी केला, हे लेखातच दिले आहे. निकुंभ वंशातल्या सोइदेवाने शके ११२८ मध्ये, श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या वेळी, सर्व लोकांच्या समक्ष हातावर पाणी सोडून मठाला दान दिले. (मास्तर, तुमच्या मुलांनी ग्रहणात शेंगदाणे खाल्ले, त्याची आठवण झाली.) लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि तो मला सगळ्यात जवळचा वाटतो. पाटणच्या बाजारात जो माल विक्रीला येईल, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर मठाला दिला आहे आणि गावात जितके घाणे आहेत, त्या प्रत्येकाकडून पळी-पळी तेल लावून दिले आहे.

म्हणजे आठशे वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यात ग्रहगणित शिकवले जात होते, ते तेल्याच्या घाण्यावरच्या पळीभर तेलावर. भास्कराचार्यांचा 'सिद्धांतशिरोमणी' त्या तेल्याला वाचता येत नसेल; पण दिव्यातले तेल त्याचे होते आणि मठ कुणाचा, असे कुणी विचारले असते, तर तो 'आमचा' म्हणाला असता, असे मला वाटते. मंगळयानाला आपण 'आपले' म्हणालो, ते याच हिशेबाने. या मोटारीत आपली पळी नाही. त्यामुळे सातपुडाताईंची टाळी न वाजणे मला स्वाभाविक वाटते, आणि यार्डभाऊंची वाजणेही, कारण त्यांनी आपली पळी दुसऱ्या शेडमध्ये का होईना, तीस वर्षे ओतली आहे.

---

मेहरूण (१२ फेब्रुवारी, सायंकाळी ७.००)

दुरुस्ती करतो. गाडी लघुग्रहांच्या पट्ट्यापर्यंत जाणार, असे मी वर लिहिले होते. खगोलशास्त्रज्ञांनी कक्षा मोजली, तेव्हा ती सूर्यापासून जास्तीत जास्त १.६६ खगोलीय एककांपर्यंत (पृथ्वी-सूर्य अंतराच्या १.६६ पट), म्हणजे मंगळाच्या कक्षेच्या जरा पलीकडे जाते, असे निघाले. सूर्याभोवती एक फेरी सुमारे ५५७ दिवसांची आहे. मालकाच्या शब्दावर विसंबून लिहिले, ही माझी चूक झाली.

---

सातपुडा ३९ (१२ फेब्रुवारी, सायंकाळी ७.३०)

चूक कबूल करणारा चाहता मी प्रथमच पाहते आहे. दादा, एकदा आमच्या रेंजच्या झाडाखाली चहाला यावे.

---

पांझराकाठ (३ एप्रिल २०२२, सकाळी ७.४०)

चार वर्षांनी धागा वर काढतो आहे, त्याला कारण आहे. काल गुढीपाडव्याच्या संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास मी गच्चीवर गुढीची काठी बांधलेली दोरी सोडत होतो, तेव्हा आकाशातून दिव्यांची एक लांब रांग, पिवळसर शेपट्या ओढत, सावकाश गेली. उल्का इतकी सावकाश जात नाही. खाली गल्लीत 'विमान पेटले', 'क्षेपणास्त्र आले', 'पाडव्याचा शुभशकुन झाला', असे तिन्ही निष्कर्ष एका मिनिटात निघाले. मला मात्र स्कायलॅब आठवले आणि मी आधी नातवाला आत पाठवले. आज सकाळच्या बातम्यांत चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावाजवळ धातूचे मोठे कडे पडल्याचे आहे. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. हे २०२१ मध्ये सोडलेल्या एका चिनी रॉकेटचे अवशेष असावेत, असे जाणकार म्हणत आहेत.

आता मास्तरांच्या विद्यार्थिनीचा प्रश्न मी विचारतो: ते कडे कुणाचे?

---

शिरपूर वकील (३ एप्रिल २०२२, दुपारी १२.१५)

धाग्यावर नवीन आहे. पण प्रश्न आमच्या धंद्यातला आहे, म्हणून लिहितो. १९६७ च्या अंतराळ करारानुसार एखाद्या देशातल्या खासगी कंपनीने अंतराळात काहीही केले, तरी त्याची आंतरराष्ट्रीय जबाबदारी त्या देशाच्या सरकारची असते. १९७२ च्या दायित्व करारानुसार अंतराळातली वस्तू जमिनीवर पडून नुकसान झाले, तर सोडणाऱ्या देशाने भरपाई द्यायची आणि तिथे चूक कुणाची हे सिद्ध करावे लागत नाही; नुकसान दाखवले की पुरे. १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा कॉसमॉस ९५४ हा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडात पडला. कॅनडाने साठ लाख डॉलरहून थोडी अधिक रक्कम मागितली, शेवटी तीस लाखांवर तडजोड झाली. आमच्याकडे मोटार अपघाताच्या दाव्यांत साधारण असेच होते.

त्या लाल मोटारीला हेच लागू आहे. कागदोपत्री गाडी मालकाची आहे, रॉकेट कंपनीचे आहे, पण ती कुणाच्या डोक्यावर पडली, तर दुसऱ्या देशापुढे उभे राहायचे अमेरिकी सरकारने, म्हणजे तिथल्या करदात्याने. सातपुडाताईंना आणि मास्तरांच्या विद्यार्थिनीला हे उत्तर कितपत समाधानकारक वाटेल, ते माहीत नाही. मालकी आणि जोखीम एकाच्या नावावर नाही, एवढे कायद्याच्या भाषेत सांगता येते.

---

सातपुडा ३९ (३ एप्रिल २०२२, रात्री ९.००)

वकीलसाहेब, हे उत्तर मला आजवरच्या सगळ्या उत्तरांपेक्षा अधिक कळले. कालची रांग आम्हीही पाड्यावरून पाहिली. म्हाताऱ्या माणसांनी हात जोडले. त्याआधी स्पेसएक्सच्या इंटरनेट-उपग्रहांची दिव्यांची माळही दोनदा दिसली होती; मी सागाच्या झाडाखाली उभी होते आणि वरून इतके उपग्रह जात असताना फोनवर एकही दांडी नव्हती.

---

भुसावळ यार्ड (५ फेब्रुवारी २०२५, सकाळी १०.२५)

मंडळी, २०१८ मध्ये मी गाडीच्या पासिंगचा प्रश्न विचारला होता आणि तुम्ही सगळे हसला होतात. तिला नंबर मिळाला होता. गेल्या महिन्यात, २ जानेवारीला, लघुग्रहांची नोंद ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरने '२०१८ सीएन ४१' या नावाने एक नवा लघुग्रह जाहीर केला. तुर्कस्तानातल्या एका हौशी निरीक्षकाने जुन्या नोंदींवरून तो शोधला होता. मग त्यालाच शंका आली, कक्षा ताडून पाहिली, तर तो लघुग्रह नसून आपली लाल मोटार निघाली. सतरा तासांच्या आत नोंद रद्द झाली.

---

मेहरूण (५ फेब्रुवारी २०२५, सकाळी ११.००)

यार्डकाका, दंडवत. मी आता पुण्यात नोकरी करतो; गाडी कुठे आहे हे मध्ये मध्ये पाहतो. ऑक्टोबर २०२० मध्ये ती मंगळाच्या जवळून, म्हणजे सत्तरेक लाख किलोमीटरवरून गेली होती. दरम्यान इकडेही बरेच घडले. हैदराबादच्या स्कायरूट कंपनीचे विक्रम-एस हे भारतातले पहिले खासगी रॉकेट १८ नोव्हेंबर २०२२ रोजी श्रीहरिकोट्याहून उडाले. गेल्या नोव्हेंबरमध्ये आपला ४,७०० किलोचा जीसॅट-२० उपग्रह याच स्पेसएक्सच्या रॉकेटवरून गेला, कारण तेवढे वजन त्या उंचीच्या कक्षेत नेणे आपल्या सर्वांत मोठ्या रॉकेटच्याही आवाक्याबाहेर होते. पाटणवाट दादा, आता त्या घाण्यात आपलीही पळीभर आहे.

---

पाटणवाट (५ फेब्रुवारी २०२५, दुपारी ३.३०)

तेल आपण दिले, हे खरे. पण ते भाडे म्हणून दिले, मठाला दिले नाही. फरक आहे. विक्रम-एसला मात्र मी टाळी वाजवली होती आणि ती का वाजवली, याचे उत्तर अजून मला सापडलेले नाही, कारण त्या कंपनीतही माझा छदाम नाही.

---

अमळनेरचा मास्तर (६ फेब्रुवारी २०२५, रात्री ८.१५)

सात वर्षे झाली. मी गेल्या वर्षी निवृत्त झालो. ती विद्यार्थिनी सध्या धुळ्याला विधी महाविद्यालयात शिकते. वकीलसाहेबांची पोस्ट मी तिला पाठवली होती. तिचा निरोप असा आला: "सर, जबाबदारी सरकारची आहे, हे वाचले. पण ती गाडी खरोखर परत येऊन पडण्याची शक्यता किती?" कुणाला ठाऊक असल्यास कृपया लिहावे.

---

मेहरूण (६ फेब्रुवारी २०२५, रात्री ८.४०)

उड्डाणानंतर काही दिवसांतच टोरोंटोच्या खगोलशास्त्रज्ञांनी हे गणित केले होते. पुढच्या दहा लाख वर्षांत ती पृथ्वीवर आदळण्याची शक्यता सुमारे ६ टक्के आणि शुक्रावर आदळण्याची सुमारे अडीच टक्के आहे. पृथ्वीकडे आलीच, तरी बहुतेक भाग वातावरणात जळून जाईल.

---

केळीबाग, रावेर (७ फेब्रुवारी २०२५, पहाटे २.२०)

दहा लाख वर्षे पुरेशी आहेत. तोपर्यंत आमचा २०१८ च्या चरक्याचा दावाही निकाली निघालेला असेल. आज पुन्हा रात्रीची पाळी आहे आणि वाफा भरत आला आहे, म्हणून इथेच थांबतो.